सरकारने कुठे शिरावे?

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले. बाजूने १८६ मते पडली आणि विरोधात एक. ते एक मत शरद जोशींचे होते. चाकणजवळच्या आंबेठाणला अंगारमळा नावाची शेती करता करता शेतकरी संघटना उभी करणारे हेच ते जोशी. १९८६ साली त्यांनी चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरवले होते. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून हजारो शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला लावले होते. सातबाऱ्यावर बाईचे नाव लावणारा माणूस लोकसभेत तिला राखीव जागा द्यायला नाही म्हणाला. आता याला पुरोगामी म्हणायचे की प्रतिगामी?

जोशींचा आक्षेप बायकांच्या निवडून येण्यावर नव्हता, फिरत्या मतदारसंघांवर होता. या खेपेला राखीव असलेली जागा पुढच्या खेपेला राखीव नसणार, तर निवडून आलेली बाई त्या मतदारसंघाची मशागत कशाला करेल, असे ते विचारत. मला तो आक्षेप आजही पटतो. २०२३ साली मंजूर झालेल्या कायद्यातही मतदारसंघ फिरते ठेवण्याची तरतूद आहेच. त्या दिवशीचे त्यांचे मत मात्र पटत नाही. १९९६ पासून रखडलेले विधेयक नाकारण्याइतका तो दोष मोठा नव्हता.

पण ते मत उपयोगाचे आहे. उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्यातला फरक आपल्याकडे हल्ली अमेरिकेच्या मापाने मोजला जातो. एका बाजूला जास्त कर, जास्त कल्याणयोजना आणि समाजसुधारणा. दुसऱ्या बाजूला कमी सरकार, धर्म आणि कुटुंब. ही मापे खुद्द त्यांच्याकडेही फार जुनी नाहीत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सभागृहात राजाचे पक्षपाती उजवीकडे बसले आणि विरोधक डावीकडे, तिथून डावे-उजवे आले. एडमंड बर्कने १७९० साली त्याच क्रांतीवर टीका करताना परंपरावादाला बुद्धीचे अधिष्ठान दिले. एकोणिसाव्या शतकातला युरोपीय उदारमतवादी खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता होता. १९३०च्या दशकात रूझवेल्टनंतर अमेरिकेत 'लिबरल' म्हटले की सरकारला कामाला लावणारा माणूस डोळ्यांसमोर येऊ लागला. त्यामुळे जोशी युरोपात उदारमतवादी ठरले असते, अमेरिकेत परंपरावादी, आणि महाराष्ट्रातल्या डाव्या मंडळींनी तर त्यांना बड्या शेतकऱ्यांचा वकील ठरवून टाकलेच होते.

हा पट्टा, म्हणजे पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि पुढे चाकण-खेड, या मापात कधीच नीट बसलेला नाही. इथे माणसे एका रेषेवर डावी-उजवीकडे उभी नसतात. प्रत्येकाची एक दाराची कडी असते. त्या दाराच्या आत सरकारने पाऊल टाकू नये आणि शेजारच्या दारात मात्र हवालदार उभा करावा, ही मागणी इथे सर्वपक्षीय आहे. भांडण असते ते कुठले दार कोणाचे, यावर.

चिंचवडच्या चौकात चापेकर बंधूंचे पुतळे आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्यांनी रँडला गोळी घातली. रँड प्लेग कमिटीचा प्रमुख होता आणि त्याचे सोजीर घराघरांत, स्वयंपाकघरापर्यंत शिरत होते. याविरुद्धचा संताप एका गटाचा नव्हता. नेमस्त गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही इंग्लंडमध्ये सोजिरांच्या वर्तनावर आरोप केले आणि पुरावा देता न आल्याने परत आल्यावर माफी मागितली. पण कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या चापेकरांचा राग केवळ साम्राज्यावर नव्हता. दामोदर चापेकरांचे आत्मवृत्त वाचले तर समाजसुधारकांवरचा त्यांचा राग इंग्रजांवरच्या रागाहून फारसा कमी नाही, हे कळते. आज पुतळ्याला हार घालणारे सगळेच पक्ष ही पाने उघडत नाहीत.

त्याआधी सहा वर्षे हाच प्रश्न पुण्यात संमतिवयाच्या कायद्याने उभा केला होता. १८९१च्या त्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे केले. रानडे आणि आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांचे म्हणणे असे की, सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारने आपल्या घरात नाक खुपसू नये. त्यातला 'परक्या' हा शब्द काढून टाका. उरते ते सरकारच्या सत्तेला मर्यादा असावी हे उदारमतवादाचे पहिले तत्त्व. उलट आगरकर हा व्यक्तिस्वातंत्र्याचा कट्टर उपासक, पण घरातल्या दुबळ्या माणसाचे स्वातंत्र्य राखायला त्याला सरकारच हवे होते, कारण दहा वर्षांच्या मुलीला 'आतून' कोणी वाचवणार नव्हते. माझा कौल आगरकरांना आहे. तरी टिळकांच्या युक्तिवादाला केवळ सनातनीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी आज सरकार कोणाच्या स्वयंपाकघरात आणि कोणाच्या विवाहनोंदणीत शिरू पाहते आहे, तेही पाहावे.

या भागाला कारखाने दिले तेही सरकारने. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या सरकारी कंपनीत पेनिसिलीन बनू लागले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, साठच्या दशकातच टेल्को आली, आकुर्डीत बजाज वाढली. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले आणि शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९७२ ते १९८३ या काळात जमीन गेलेल्यांची घरे साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी पुढे दशकानुदशके फायली घेऊन फिरत राहिली. म्हणजे या पट्ट्यातल्या खासगी भांडवलाच्या पायाखालची जमीन सरकारने काढून दिलेली आहे. खुल्या बाजारावर इथे व्याख्यान झाले की मला हे आठवते.

याच मातीत राहुल बजाज उद्योजक म्हणून वाढले. जमनालाल बजाजांचा हा नातू आकुर्डीला कारखान्याच्या आवारातच राहायचा. परवाना राज्यात स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागे. लोकांना हवी असलेली वस्तू परवान्यापेक्षा जास्त बनवली म्हणून तुरुंगात जावे लागले तर जाईन, असे ते म्हणत. हा झाला उदारमतवादी. १९९३ साली, बाजार खुला होऊ लागल्यावर, 'बॉम्बे क्लब' म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगपतींच्या वतीने परदेशी कंपन्यांपुढे आम्हाला समान संधी हवी, असे ठणकावणारेही तेच. हा राष्ट्रवादी परंपरावाद म्हणा. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका समारंभात अमित शहांच्या समोर उद्योगपती टीका करायला घाबरतात, असे उघड सांगणारेही तेच. जोशी आणि बजाज २००६ ते २०१० या काळात एकाच वेळी राज्यसभेत होते. एक कांद्याला जगाचा बाजार मोकळा करा म्हणणारा आणि दुसरा स्कूटरला जगाच्या बाजारापासून थोडा आडोसा मागितलेला. अंगारमळा ते आकुर्डी हे अंतर तासाभराचेही नाही.

जोशींनी जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला तेव्हा विरोधात डावे पक्षही होते आणि संघपरिवारातले स्वदेशीवालेही. चाकणच्या कांद्याच्या बाजारात १९७८-८० मध्ये सुरू झालेले आंदोलन सरकारकडे अनुदान मागत नव्हते. तुम्ही निर्यातबंदी करून आमचे भाव पाडता, तेवढे करू नका, असे ते म्हणत होते. शेतकऱ्याचा हिशेब आजही तसाच आहे. निर्यातबंदीची बातमी आली की आडतीसमोर हाच सूर निघतो आणि भाव अगदीच कोसळले की त्याच तोंडून सरकारी खरेदीची मागणी निघते. यात शेतकऱ्याचा दांभिकपणा शोधणाऱ्यांनी आधी उद्योगांना मिळालेल्या सवलतींचा हिशेब मांडावा.

कारखान्याच्या गेटवर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. १९७४ साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी या तरुण अभियंतीने जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि तिला पुण्यात नोकरी मिळाली. पुढे सुधा मूर्ती म्हणून गाजलेल्या या अभियंतीचा हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असते ते १९४८च्या कारखाना कायद्यातले कलम ६६. स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळात कारखान्यात कामाला लावावे, असे ते सांगत होते. हे कलम कामगारहिताच्या परंपरेतून आले होते, स्त्रीला रात्रपाळीच्या पिळवणुकीतून वाचवायला. पुढे राज्यांनी अटींसह रात्रपाळी खुली केली. त्या वेळच्या बाजू पाहा. समतेचा आग्रह धरणाऱ्या स्त्रीवाद्यांची मागणी आणि लवचीक मनुष्यबळ हवे असलेल्या मालकांची मागणी एकच झाली. कामगारांचे संरक्षण मागणारे डावे आणि बाईने रात्री बाहेर राहू नये म्हणणारे घरातले वडीलधारे दुसरीकडे सापडले. चाकणच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या मुलीला या तत्त्वचर्चेपेक्षा कंपनीची बस दारापर्यंत येते का, हे महत्त्वाचे वाटते. ते तिचे बरोबरच आहे.

२५ जून २०१३ रोजी बजाजच्या चाकण प्रकल्पात संप सुरू झाला. पन्नास दिवस चाललेल्या त्या संपातली एक मागणी मला या पट्ट्याच्या राजकीय इतिहासातली सर्वांत विलक्षण मागणी वाटते: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या. भांडवलशाही उलथवण्याची भाषा नाही, सरकारीकरणाचीही नाही. मालकीतला वाटा द्या. १९८९ साली टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले आणि पहाटे पोलिसांनी त्यांना उचलले, तेव्हा भांडण संघटना कोणाची मानायची यावर होते. चोवीस वर्षांत मुलांची भाषा बदलली होती. मार्गारेट थॅचरने सामान्य ब्रिटिश माणसाला शेअरधारक करण्याचे स्वप्न पाहिले, ती परंपरावादी म्हणून. इथे तेच स्वप्न संपाच्या मागणीपत्रात आले. कंपनीने ती मागणी मान्य केली नाही.

जिथे सगळेच परंपरावादी होतात अशी एक जागा मात्र या भागात आहे: बैलगाडा शर्यतीचा घाट. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. खेड, भोसरी, निमगावचा खंडोबा, यात्रा म्हटली की घाटात बारी हवीच, असा हा मुलूख. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, त्यालाही उच्च न्यायालयाची स्थगिती आली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. या काळात अमोल कोल्हे, शिवाजीराव आढळराव, महेश लांडगे हे वेगवेगळ्या पक्षांचे नेते एकाच बाजूला होते. एकाही मोठ्या पक्षाची बैलाच्या बाजूने बोलायची हिंमत झाली नाही. गंमत युक्तिवादांची. शर्यत आमची परंपरा आहे, हे तर होतेच. पण शर्यत नसेल तर खिल्लार बैल पाळणे परवडत नाही आणि जात नष्ट होईल, हा बाजाराचा युक्तिवाद होता. आमच्या जत्रेत काय करायचे ते दिल्लीने ठरवू नये, हा स्वायत्ततेचा. आणि प्राण्याच्या वेदनेची दखल घ्या म्हणणारे प्राणिमित्र न्यायालयामार्फत सरकारला गावाच्या घाटात उतरवत होते. हे १८९१ नव्हे, बैल म्हणजे दहा वर्षांची मुलगी नव्हे. पण बाजूंची मांडणी ओळखीची आहे.

पक्षांची नावे इथे विचार सांगत नाहीत, हे २०१७च्या महापालिका निवडणुकीने दाखवले. १२८ पैकी ७७ जागा जिंकून भाजपने राष्ट्रवादीची सत्ता घालवली, आणि नव्या सत्तेचे दोन्ही स्थानिक खांब, लक्ष्मण जगताप आणि महेश लांडगे, अजित पवारांच्याच वर्तुळातून आलेले होते. शहर एका रात्रीत उजवे झाले असे तेव्हा लिहिले गेले. गाववाले आणि बाहेरचे ही रेघ मात्र जिथल्या तिथे होती. गाववाल्याची जमीन कंपनीला गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने खोल्या बांधल्या. त्या खोल्यांत लातूर, नांदेड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगार राहतो. नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिक हवेत, असे हा खोल्यांचा मालक चहाच्या टपरीवर तावातावाने म्हणतो आणि भाडेकरू सगळे बाहेरचे ठेवतो. त्याच्या मतातला हा विरोध त्याला टोचत नाही. मलाही त्यात लबाडीपेक्षा असुरक्षितपणा जास्त दिसतो; जमीन गेल्यावर खोल्यांचे भाडे हाच त्याचा सातबारा आहे.

 ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटे चाकणच्या वाहतूककोंडीची पाहणी करायला आले आणि चाकणसाठी स्वतंत्र महापालिका करावी लागेल, असे बोलून गेले. त्यावरच्या प्रतिक्रिया या लेखाच्या विषयाचा नकाशाच आहेत. एरवी नियम आणि निरीक्षक कमी करा म्हणणाऱ्या कारखानदारांना महापालिका हवी, कारण तळेगाव चौकात कंटेनर तासन् तास अडकतो. एरवी सरकारने हे द्यावे, ते द्यावे म्हणणाऱ्या गावांना ती नको. मिळकतकर वाढेल, कंपन्यांकडून ग्रामपंचायतीला मिळणारे पैसे जातील आणि विकास आराखड्यात जमिनीवर आरक्षण पडेल, ही भीती. प्राधिकरणाने शेजारच्या गावांचे काय केले ते त्यांनी पाहिलेले आहे. महापालिका आली तर नळाचे पाणी, दवाखाना आणि शाळा यांचा सर्वांत मोठा फायदा खोल्यांत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला. त्याला मात्र कोणी विचारलेले नाही, कारण त्याचे नाव बहुधा अजून गावाकडच्या मतदारयादीत आहे.