महिना 13 हजार आणि मस्तगडात खोली : हिशेब नेमका कुठे अडतो?

पोलादाच्या रोलिंग मिल, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोंढा यांवर जालना शहराचे पोट चालते. कामासाठी जिल्ह्यातल्या खेड्यांतून आणि परप्रांतांतूनही माणसे इथे येतात. काम मिळते, मग खोली शोधावी लागते. मस्तगडसारखा जुना, मध्यवर्ती भाग सोयीचा वाटतो. 1725 मध्ये निजाम आसफजाहच्या आदेशावरून काबिलखानाने बांधलेल्या किल्ल्याच्या गढीचे हे नाव. पुढे याच गढीत नगरपालिकेची कार्यालये आली. पण कमी पगारात इथे संसार चालवायचा तर महिनाअखेरीस पैसे का पुरत नाहीत? याचे उत्तर उधळपट्टीत शोधले जाते. खरे तर ते वेतनाच्या सूत्रातच आहे.

किमान वेतन कशावरून ठरते?

1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत गरजेवर आधारित वेतनाचे निकष ठरले. कमावणारा एक, जोडीदार आणि दोन मुले असे कुटुंब धरले गेले. कमावणाऱ्याचा खर्च 1 एकक, जोडीदाराचा 0.8 आणि प्रत्येक मुलाचा 0.6, म्हणजे एकूण 3 एकके. गावाकडचे म्हातारे आई-वडील या हिशेबात नाहीत. मुलांचे शिक्षण, औषधपाणी आणि अडीअडचण यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात सांगितले.

वेतन संहिता 2019 मध्ये संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या नियमांचा केंद्राने 2020 मध्ये जो मसुदा काढला, त्यात हेच सूत्र आहे. दर एककाला रोज 2,700 कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला 66 मीटर कापड, इंधन-वीज व किरकोळ खर्चासाठी वेतनाच्या 20 टक्के, शिक्षण-औषधासाठी 25 टक्के. आणि घरभाडे? अन्न व कापडाच्या खर्चाच्या 10 टक्के.

खोलीभाड्याला 650 रुपये!

एक उदाहरण घेऊ. रोज 500 रुपये आणि 26 दिवस काम, म्हणजे महिना 13,000. सूत्राप्रमाणे त्याची वाटणी अशी होते :

• अन्न व कापड : 6,500
• घरभाडे : 650
• इंधन, वीज, किरकोळ : 2,600
• शिक्षण, औषध, अडीअडचण : 3,250

म्हणजे भाड्याच्या वाट्याला पगाराचे जेमतेम 5 टक्के येतात. 650 रुपयांत चौघांना राहता येईल अशी खोली शहरात कुठे मिळते का, याचे उत्तर प्रत्येक भाडेकरूला ठाऊक आहे.

हातात किती येतात?

कपातीनंतर 13,000 पूर्ण उरत नाहीत. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,560, ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 98 आणि व्यवसाय कर 200. हातात उरतात 11,142 रुपये. खोलीचे भाडे 2,500 धरले तर राहिले 8,642. सूत्राप्रमाणे नुसते अन्न, कापड, इंधन आणि वीज यांनाच 9,100 लागतात. 458 रुपयांचा खड्डा इथेच पडला. शाळेची वही आणि दवाखान्याची चिठ्ठी अजून यायचीच आहे.

हा हिशेबही 26 दिवस भरले तर. पोलादाच्या कारखान्यांत विजेचा खर्च मोठा असतो. वीज महागली किंवा मागणी घटली की उत्पादन कमी होते आणि रोजंदारीवाल्याचे दिवस जातात. पाच खाडे म्हणजे 2,500 रुपये, म्हणजेच महिन्याचे भाडे.

रेशन मिळेल का?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. चौघांना 20 किलो. बाजारभाव किलोला 30 रुपये धरला तरी 600 रुपये वाचतात आणि वरचा खड्डा भरून निघतो.

पण अडचण मर्यादेची आहे. महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 5,000 सुद्धा नाहीत. केशरी कार्डाची मर्यादा 1 लाख. आपल्या उदाहरणातल्या कामगाराचे वर्षाचे उत्पन्न 1,56,000 होते. सूत्राने ज्याला जेमतेम पोट भरण्याइतके वेतन दिले, तोच माणूस रेशनच्या कागदावर पांढऱ्या कार्डाचा धनी ठरतो.

ज्यांचे गावाकडचे प्राधान्य कार्ड नियमाने चालू आहे, त्यांनी मात्र धान्यासाठी गावी जाण्याची गरज नाही. 'एक देश, एक रेशन कार्ड' व्यवस्थेत आधारची पडताळणी करून जालन्यातल्या दुकानातूनही धान्य उचलता येते. निम्मे कुटुंब गावी असेल तर त्यांच्या वाट्याचे धान्य ते तिकडे घेऊ शकतात.

न दिसणारे खर्च

*वीज :* एका मीटरवर चार भाडेकरू असतील तर बिल फुगते. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटे स्वस्त आणि त्यावरची बरीच महाग असतात. चौघांनी प्रत्येकी 80 युनिटे वापरली तर एका मीटरवर 320 होतात आणि त्यांतली 220 महाग दरात जातात. वेगळे मीटर असते तर चौघेही स्वस्त दरातच राहिले असते. वीज कायदा 2003 प्रमाणे जोडणीसाठी मालकाप्रमाणेच जागेचा ताबा असलेल्यालाही अर्ज करता येतो. त्यासाठी ताब्याचा पुरावा लागतो.

*पाणी :* जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. साठवायला टाकी किंवा ड्रम नसलेली स्वस्त खोली जार आणि टँकरच्या पैशांत महाग पडते.

*प्रवास :* कारखाने छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत. शेअर रिक्षाचे एका खेपेला 20 रुपये धरले तर 26 दिवसांचे 1,040 होतात. म्हणून खोली निवडताना भाडे आणि रिक्षा यांची बेरीज करूनच तुलना करावी.

काय तपासून घ्यावे?

• वेतनाचे परिमंडळ : किमान वेतनाच्या अधिसूचनांत महापालिका, नगरपालिका आणि उरलेला भाग असा फरक केला जातो. जालन्याला 2023 मध्ये महापालिकेचा दर्जा मिळाला. आपल्या उद्योगाच्या अधिसूचनेप्रमाणे कोणता दर लागतो, हे सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारावे. महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो.

• पगारपत्रक : ते देणे मालकावर बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, जादा कामाचा दर दुप्पट. महिलांना महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, तरीही 200 रुपये कापले जात असतील तर हिशेब मागावा.

• ईएसआय : कपात होते, पण कार्ड काढलेले नसते, असे अनेकांचे होते. पात्रता पूर्ण असेल तर आजारपणात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते आणि कुटुंबाला उपचार मिळतात.

• भाडेकरार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज परस्पर तोडता येत नाही. वेगळे मीटर, रेशन कार्डावरचा पत्ता, गॅस, या सगळ्यांसाठी हाच कागद पुढे लागतो.

यातल्या प्रत्येक कागदामागे एखादा खाडा, म्हणजे 500 रुपये जातात. त्यामुळे भाडेकराराचा आग्रह खोली घेतानाच, अनामत देण्याआधी धरलेला बरा. एकदा सामान आत गेले की तो कागद मिळवणे अवघड होते.