डावांतले गुण आणि अंगचे गुण

खेळ कोणताहि असो, त्यांत गुण कशाबद्दल मिळतात हें एकदां कळलें म्हणजे खेळणारा पुढें काय करील हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. आपल्या हुतूतूचेंच उदाहरण घ्या. त्याच्या तीन जुन्या पद्धति पुष्कळ वाचकांस आठवत असतील. संजीवनींत मेलेला गडी, प्रतिपक्षाचा एक गडी मेला कीं, पुन्हां उठून मैदानांत येतो. गामिनींत तो डाव संपेपर्यंत बाहेरच बसतो. अमर पद्धतींत गडी मेला तरी मैदान सोडीत नाहीं. प्रतिपक्षाच्या नांवावर एक गुण तेवढा चढतो. मैदान तेंच, गडी तेच आणि दमहि तोच; परंतु गामिनींत दुबळा मुलगा आरंभींच बाहेर जाऊन धूळ मोजीत बसतो आणि अमरांत तोच मुलगा शेवटपर्यंत खेळतो. नियमांतील एवढासा फरक एका मुलास खेळाडू करतो व दुसऱ्यास प्रेक्षक.

घरांत बसून खेळावयाच्या खेळांतहि हाच न्याय आहे. मोक्षपटांत सद्गुणाच्या घरावर शिडी व दुर्गुणाच्या घरावर साप असतो. खेळणाऱ्यास बोध व्हावा हा त्यांतील हेतु उघड आहे. तथापि सोंगटी शिडी चढते ती कवड्यांच्या दानामुळें. खेळणाऱ्यानें दया केली किंवा लोभ टाकला म्हणून नव्हे. वाट ज्यानें स्वतः निवडलेली नाहीं, त्यास शिडीचें श्रेय तरी काय आणि सापाचा दोष तरी काय?

ही निवड खेळणाऱ्याच्या हातीं देणारा एक खेळ अलीकडे आपल्या घरांतूनहि दिसूं लागला आहे. त्यास ‘रोल-प्लेइंग’ खेळ म्हणतात. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून त्याचा प्रसार झाला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो; बाकीचे एकेक पात्र घेऊन ‘मी अमुक करतों’ असें म्हणतात; आणि जेथें यश अनिश्चित असेल तेथें फांसे निकाल देतात. बैठक संपली म्हणजे पात्रांस ‘अनुभवाचे गुण’ मिळतात व ते ठराविक संख्येस पोंचले कीं पात्र एक पायरी वर चढतें. आतां हे गुण द्यावे कशाबद्दल, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. परंतु त्यांत मुलांचें मन गुंतलेलें असतें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत पालघर व बोईसर ह्यांच्यामधील उमरोळीस, एका आप्तांच्या घरीं, आम्हांस ह्याचा चांगला प्रत्यय आला. घरांतील थोरला मुलगा सूत्रधार होता. कथानक त्यानें जवळचेंच घेतलें होतें : १७३९ साल, चिमाजीअप्पांची फौज उत्तर कोंकणांत उतरलेली, तारापूरचा किल्ला अद्याप पोर्तुगीजांच्या हातीं, आणि आंत दारूगोळा किती आहे ही बातमी आणावयाची. एक भाऊ शिपाई झाला, दुसरा खाडीची माहिती असलेला नाखवा झाला आणि नऊ वर्षांची धाकटी बहीण वैद्य झाली. गुण मात्र मारलेल्या शत्रूंच्या संख्येवर ठरले होते. दोन दिवसांत शिपाई दोन पायऱ्या चढला. नाखवा व वैद्य होते तेथेंच राहिले. तिसऱ्या दिवशीं धाकटीनें फांसे खालीं ठेवले व म्हणाली, “दादा, औषध देऊन गुण मिळत नसतील, तर मलाहि तलवार दे.” शांत स्वभावाच्या त्या मुलीस तलवार मागावयास कोणीं शिकविलें? सूत्रधारानें नव्हे, त्याच्या कोष्टकानें!

थोरल्यानें आम्हांस विचारलें, “काका, मग गुण कशाबद्दल द्यावे?” ह्या प्रश्नाचीं उत्तरें निरनिराळ्या खेळांनीं निरनिराळीं दिलीं आहेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या आरंभींच्या काळांत शत्रू मारल्याबद्दल गुण असत खरे, पण मुख्य भर हस्तगत केलेल्या धनावर होता. एका सुवर्णनाण्यास एक गुण. १९८१ च्या प्रवेशपुस्तकांत योद्ध्यास दुसऱ्या पायरीसाठीं २००० गुण लागत, आणि साधारण शत्रू पाडल्याबद्दल १० गुण मिळून तेहि सर्वांत वांटले जात. साहजिकच शहाणा खेळाडू लढाई टाळी, चोरवाट शोधी व युक्तीनें धन काढी. ह्या रीतीनें बुद्धि तीक्ष्ण होते, पण डोळा सोन्यावरून हलत नाहीं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत धनाचे गुण ऐच्छिक ठरले.

१९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’नें गुणांची बेरीजच काढून टाकली. जी विद्या प्रसंगीं यशस्वीपणें वापरली तिच्यापुढें खूण करावयाची आणि मागाहून फांसे टाकून ती वाढते कीं नाहीं हें पाहावयाचें. विद्या जितकी अधिक, तितकी तिची वाढ अवघड. हें तर आपल्या गायनाच्या रियाजासारखेंच आहे. दोष इतकाच, कीं खूण मिळावी म्हणून मुलें गरज नसतां प्रत्येक कुलूप उघडूं पाहतात. २०१२ च्या ‘डन्जन वर्ल्ड’नें याच्या उलट टोंक गांठलें : फांसा फसला म्हणजे एक गुण! अपयशानें खट्टू होणाऱ्या मुलास ही रीत फार मानवते. आणखी एक रीत म्हणजे गुण मुळींच न मोजतां, कथेंतील मोठा टप्पा पार पडला कीं सर्वांस एकदम वर चढविणें. तींत भांडण नाहीं. परंतु पाटीवर आंकडे वाढतांना पाहण्याचा आनंदहि नाहीं, आणि सर्व भार सूत्रधाराच्या मर्जीवर राहतो.

ह्या सर्वांतून उमरोळीच्या मुलांस आम्हीं पुढील तोडगा सुचविला. कार्य आधीं जाहीर करावें. तें साधलें कीं, कोणत्या मार्गानें साधलें हें न पाहतां, सर्वांस सारखे गुण द्यावे. नुसत्या मारामारीस कांहीं देऊं नये. शिवाय ज्यानें आपल्या पात्रास साजेसें कांहीं केलें, त्यास एक लहानसा गुण वेगळा द्यावा. चौथ्या दिवशीं तारापूरच्या बातमीस ३०० गुण लागले आणि काय चमत्कार! शिपायानें तलवार म्यान केली, नाखव्यानें भरतीची वेळ विचारली, आणि वैद्यीणबाईंनीं तापानें फणफणलेल्या पहारेकऱ्यास काढा देऊन त्याच्याकडूनच कोठाराची माहिती काढली. तलवारीची गोष्ट तिनें पुन्हां काढली नाहीं.

दोन गोष्टी पालकांनींहि पाळाव्या. अभ्यास केला नाहीं किंवा आज्ञा मोडली म्हणून खेळांतील गुण कापूं नयेत. घरची शिक्षा डावांत आणली म्हणजे डाव नासतो आणि शिक्षाहि फुकट जाते. तसेंच तापामुळें किंवा परीक्षेमुळें एखाद्या मुलाची बैठक चुकल्यास त्यास इतरांच्या बरोबरीनें वर घ्यावें. संजीवनींतला मेलेला गडी जर परत उठतो, तर आजारी भावंडानें तेवढें कां मागें राहावें?

आपण मुलांस दया, धैर्य, युक्ति ह्यांच्या गोष्टी पुष्कळ सांगतों. परंतु मूल गोष्ट ऐकतें आणि पाटी पाहतें. म्हणून घरांत असा डाव मांडला असेल तर वडील माणसांनीं गुणांच्या कोष्टकावरून एकदां नजर फिरवावी. ज्या वागणुकीपुढें आंकडा मोठा असेल, तीच वागणूक सुटी संपेपर्यंत मुलांच्या अंगवळणीं पडलेली असेल.