श्रोत्यांमधून घेतलेले ध्वनिमुद्रण

कॅसेटच्या जमान्यात गणेशोत्सवातल्या गाण्याच्या कार्यक्रमाला एखादे काका पुढच्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेले असत. ती कॅसेट घरी लावली की गाण्याबरोबर शेजारच्याची ‘वाहवा’, लहान मुलाचे रडणे आणि खुर्ची सरकल्याचा आवाजही ऐकू येई. अमेरिकेतील रॉक संगीताच्या श्रोत्यांनी याच हौसेला शिस्त लावली आणि त्यातून एक प्रचंड संग्रह उभा राहिला. आपल्या माळ्यावरही अशा कॅसेटी पडून आहेत, म्हणून ही हकिकत जाणून घेण्यासारखी आहे.

‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. १९९५ मध्ये गिटारवादक जेरी गार्सिया यांचे निधन होईपर्यंत त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले. कोणती गाणी होणार हे आधी ठरलेले नसे, आणि तेच गाणे दर वेळी नव्याने रंगे. आपल्याकडे एकच राग दोन मैफलींत सारखा होत नाही, तसेच हे. त्यामुळे त्यांच्या चाहत्यांना प्रत्येक रात्रीचे मुद्रण हवे असे.

असे मुद्रण दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात ध्वनिनियंत्रकाच्या मिक्सरमधून थेट तार जोडतात. यात आवाज स्वच्छ येतो, पण मिक्सरमध्ये जे आले तेवढेच. लहान सभागृहात गिटारचा स्वतःचा ॲम्प्लिफायर पुरेसा मोठा वाजतो. मग मिक्सरमध्ये ती कमी ठेवली जाते आणि मुद्रणात गायकाचा आवाज पुढे, गिटार मागे असा प्रकार होतो. दुसऱ्या प्रकारात श्रोत्यांमध्ये मायक्रोफोन लावतात. त्यात सभागृहाचा घुमारा येतो, बडबड येते आणि टाळ्याही येतात. पण त्या रात्री लोकांनी प्रत्यक्षात काय ऐकले, ते याच फितीत सापडते.

मुद्रण करणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. मायक्रोफोनच्या उंच काठ्यांमुळे मागच्यांना दिसेना. ध्वनिनियंत्रकाच्या समोरही अडथळा होऊ लागला. अखेर ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीच्या कार्यक्रमापासून, वाद्यवृंदाने या मंडळींसाठी मिक्सरच्या मागे वेगळी जागा राखून ठेवली आणि त्यांची तिकिटेही वेगळी काढली. चोरून होणारे काम उघडपणे होऊ लागले. अट एकच होती: फीत विकायची नाही. चाहते आपसांत फितींची अदलाबदल करीत. देण्यासारखे काही नसलेला नवखा कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवी.

कामातही बारकावे होते. शेजारच्यांचे बोलणे कमी यावे म्हणून मायक्रोफोन डोक्यांच्या बराच वर ठेवीत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, म्हणून ती गाण्याच्या मध्येच उलटावी लागू नये याचा अंदाज बांधावा लागे. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की दर वेळी खरखर वाढते. त्यामुळे हातातली प्रत मूळ फितीपासून कितवी आहे, हे आवर्जून विचारले जाई. तारीख, गाव, सभागृह, मायक्रोफोन, यंत्र आणि गाण्यांचा क्रम यांची नोंद फितीबरोबरच फिरे.

ही नोंद पुढे फार उपयोगी पडली. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने २००२ मध्ये अशा मुद्रणांचा विभाग सुरू केला, तेव्हा हजारो फिती तारखेनिशी लावता आल्या. २००५ मध्ये या वाद्यवृंदाची मिक्सरवरची मुद्रणे फक्त तिथेच ऐकण्यापुरती ठेवण्यात आली. श्रोत्यांनी केलेली मुद्रणे मात्र पूर्वीप्रमाणे उतरवून घेता येत राहिली.

यातून आपल्याला घेण्यासारखे थोडेच, पण मोलाचे आहे. घरातली जुनी कॅसेट सापडली तर आधी तिच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. फितीवर बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका. चांगली असेल तर संगणकावर उतरवून घ्या आणि मूळ कॅसेट जपून ठेवा. खरखर काढण्याच्या भरात टाळ्या आणि ‘वाहवा’ पुसू नका. कलाकाराची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी असल्याशिवाय ती सर्वांसाठी खुली करू नका.

सर्वांत आधी मात्र कार्यक्रम कोणाचा, कुठे, कोणत्या वर्षी आणि साथीला कोण, हे कॅसेटवर लिहा. आवाज पुढेही उतरवता येईल. पण तबल्यावर कोण होते हे सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच त्यांना विचारून घ्यायला हवे.