माहिती चौकट: क्लिक बीटल, अर्थात टक् आवाज करून उसळणारा भुंगेरा

कुल व नाव : एलाटेरिडी, जगभरात सुमारे 10,000 जाती. भारतात सर्वदूर आढळणाऱ्या ‘ॲग्रिप्नस फस्किपिस’चे प्रथम वर्णन डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी 1775 साली केले.

ओळख : लांबट, काळपट देह, छातीवरील ढालीचे मागचे दोन्ही कोपरे टोकदार.

उसळी : पाठीवर उलटा पडला असता हा कीटक देहाची कमान करतो, छातीच्या तळाशी असलेली खुंटी मागील खाचेच्या काठावर अडकवून स्नायूंमध्ये ताण साठवतो आणि ती खुंटी निसटून खाचेत शिरताक्षणी, पायांचे यत्किंचितही साहाय्य न घेता, टक् असा स्पष्ट ध्वनी करीत हवेत उसळतो. एका युरोपीय जातीच्या उसळीतील त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे 380 पट मोजले गेले आहे. प्राणिसृष्टीत हे खचितच विलक्षण होय.

अळी : नाव वायरवर्म. वास्तव्य जमिनीत किंवा कुजक्या लाकडात, पुष्कळदा वर्षाहून अधिक काळ. काही जातींच्या अळ्या बियाणे व मुळे कुरतडतात. ॲग्रिप्नस प्रजातीतील अळ्या मात्र प्रामुख्याने इतर कीटकांच्या अळ्यांवर जगतात.

हुमणीशी गल्लत नको : हुमणी पांढरट, मऊ, इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वळलेली, वायरवर्म सरळ, चकचकीत, पिवळसर-तपकिरी व कठीण.

डहाणू तालुक्यातील वाणगाव परिसराच्या मिरचीबागाइतदारांनी मातीत अशी अळी आढळल्यास, औषध टाकण्यापूर्वी ती कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यास दाखवून तिची जात निश्चित करून घ्यावी.