टिंबाचा हिशेब

तुम्ही आता वाचायला शिकलात. गाडीची पाटी वाचता, आलेले पत्र वाचता, आकडेही लिहिता. पण आकड्यांच्या मध्ये एक टिंब आले की पुष्कळ जण अडखळतात. आज त्या टिंबाची नीट ओळख करून घेऊ.

आमच्या गडबची एक बाई पेणच्या बाजारात सुका जवळा घ्यायला गेली. भाव होता किलोला ३०० रुपये. काट्यावर आकडा उमटला १.०५०. दुकानातला पोरगा म्हणाला, "मावशी, दीड किलो झाला. साडेचारशे द्या."

बाई रात्रीच्या वर्गाला येणारी. ती म्हणाली, "थांब पोरा. टिंबाच्या पुढं आधी शून्य हाय, मग पाच. किलोभर जवळा आणि वर पन्नास ग्रॅम. किलोचे तीनशे, पन्नास ग्रॅमचे पंधरा. तीनशे पंधरा होतात."

पोराने पुन्हा पाहिले. त्याला चूक कळली. पोरगा लबाड नव्हता. टिंबानंतरचे शून्य त्याने पाहिलेच नव्हते, इतकेच. पण त्या एका शून्यापायी बाईचे १३५ रुपये गेले असते.

आता हे टिंब काय सांगते ते पाहू. टिंबाच्या डावीकडे पूर्ण किलो असतात. उजवीकडे किलोचा भाग असतो. उजवीकडचे पहिले घर दहाव्या भागाचे, दुसरे शंभराव्या भागाचे, तिसरे हजाराव्या भागाचे. शाळेत यांना दशांश, शतांश, सहस्रांश म्हणतात. किलोचे १००० ग्रॅम. म्हणून पहिल्या घरातला ५ म्हणजे ५०० ग्रॅम. दुसऱ्या घरातला ५ म्हणजे ५० ग्रॅम. तिसऱ्या घरातला ५ म्हणजे नुसते ५ ग्रॅम. आकडा तोच, पण घर बदलले की किंमत बदलते.

शेवटी शून्य लिहिले तर मात्र काही बदलत नाही. २.५, २.५० आणि २.५०० हे सगळे अडीचच. आता सांगा, २.५ मोठे की २.४५? घाईने पाहणारा म्हणतो, ४५ मोठे. तसे नाही. दोन्हींची घरे सारखी करा. २.५० आणि २.४५. आता लगेच दिसते की २.५ मोठे.

हा हिशेब तुम्हाला अगदी नवा नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तुमच्या तोंडात आहेतच. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी मुखोद्गत असे. त्यांचा हिशेब मात्र आपल्यापेक्षा अवघड होता. तेव्हा रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पया. म्हणजे रुपयाच्या १९२ पया. बेरीज करताना कुठे तीनाने, कुठे चाराने, कुठे सोळाने हातचा धरावा लागे.

१ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात रुपयाचे १०० पैसे झाले. त्यांना आधी नवे पैसे म्हणत. १९६४ साली 'नवे' हा शब्द गेला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले. सगळीकडे दहाचा हातचा झाला. चार आणे म्हणजे २५ पैसे, आणि तेच ०.२५ रुपये. पाव म्हणजे ०.२५, अर्धा म्हणजे ०.५०, पाऊण म्हणजे ०.७५. एवढे पाठ करा. निम्मे काम झाले.

आता शाब्दिक उदाहरण कसे सोडवावे ते सांगतो. घरी मुलांना शिकवतानाही हीच रीत धरा.

उदाहरण: एका घरात रोज १.२५० किलो तांदूळ लागतो. घरात ३० किलोचे पोते आहे. ते किती दिवस पुरेल?

शाळेत मी हे उदाहरण पुष्कळदा घातले. दर वेळी काही मुले पटकन गुणाकार करीत आणि ३७.५ दिवस असे उत्तर आणीत. गुणाकार बरोबर असे, पण उत्तर चुकीचे. का? ती आकडे पाहत, पोते पाहत नसत. म्हणून चार पायऱ्या ध्यानात ठेवा.

पहिली पायरी. उदाहरण दोनदा वाचा आणि आपल्या शब्दांत सांगा. पोते भरलेले आहे. रोज सव्वा किलो काढायचे. ते कधी रिकामे होईल?

दुसरी पायरी. अंदाज करा. रोज एक किलो लागला असता तर ३० दिवस पुरला असता. दीड किलो लागला असता तर २०. आपल्याला सव्वा लागतो. म्हणजे उत्तर २० आणि ३० यांच्या मधले. ३७ येणे शक्यच नाही.

तिसरी पायरी. माप एक करा. १.२५० किलो म्हणजे १२५० ग्रॅम. ३० किलो म्हणजे ३०,००० ग्रॅम. आता टिंब उरलेच नाही. पोत्यातून रोज सारखा वाटा काढायचा, म्हणून भागाकार. ३०,००० ला १२५० ने भागले की २४ येतात.

चौथी पायरी. उत्तर अंदाजाशी ताडून पाहा. २४ हे २० आणि ३० यांच्या मधलेच आहे. तांदूळ २४ दिवस पुरेल.

यांतली दुसरी पायरी कधीही गाळू नका. बाजारात कागद-पेन्सिल जवळ नसते. पण अंदाज जवळ असतो. त्या बाईला अंदाजानेच तारले. किलोपेक्षा थोडेसेच जास्त, मग पैसेही थोडेसेच जास्त, हे तिला आधीच ठाऊक होते. यंत्र वजन दाखवते. ते वाचायचे काम आपले.

आता तीन उदाहरणे तुम्ही करा. आधी अंदाज, मग हिशेब.

१. वाल किलोला १२० रुपये. २.५ किलो वालाचे किती?

२. डब्यात ३ किलो साखर होती. ०.७५ किलो सणाला लागली. किती उरली?

३. दोरी ७.५ मीटर लांब आहे. तिचे १.२५ मीटरचे किती तुकडे होतील?

उत्तरे: ३०० रुपये. २.२५ किलो. ६ तुकडे.

चुकले तर पाटी पुसा आणि पुन्हा करा. पाटीवरची चूक पुसता येते. बाजारात दिलेले पैसे सहसा परत येत नाहीत.