दाराखालचा पाइप

टोरंटोहून उत्तरेला दोन-अडीच तास गाडी हाकली की हॅलिबर्टनचा भाग येतो आणि माती जवळपास संपते. इथून पुढे कॅनेडियन शील्डचा उघडा खडक आहे, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला. ओंटारिओतली सुमारे ८७ टक्के जमीन सरकारी मालकीची. तिच्या पोटातून लाकूडतोडीच्या जुन्या वाटा गेल्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्या वाटांवर फोर-बाय-फोर गाड्या चढवणाऱ्यांची गर्दी असते. सह्याद्रीतला दगड कंगोऱ्यांचा, टायरला धरायला काहीतरी देणारा. शील्डचा खडक पावसात काहीच देत नाही. चाक घसरतं आणि गाडी दोन चाकांच्या मधल्या भागावर आदळते. दाराखालचा पत्रा तिथे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. तो एकदा वर दबला की दार उघडत नाही, उघडलं तर लागत नाही.

या पत्र्याच्या बाहेरून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, जो जाड लोखंडी पाइप बसवतात त्याला रॉक स्लायडर म्हणतात. दिसायला तो आपल्याकडच्या जीपच्या पायरीसारखा. पण पायरीने माणसाचं वजन पेललं की तिचं काम झालं. स्लायडरवर अर्धी गाडी टेकणार, तीही आदळून, आणि तशीच पुढे सरकत जाणार.

कॅनडातल्या मराठी माणसांच्या छंदांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नाट्यमंडळं आणि ढोलपथकं होती. ब्रॅम्प्टनच्या एका गॅरेजपाशी मी थांबलो आणि मग तिथून हललोच नाही. तिथले दादा मूळचे कोल्हापूरचे, वेल्डिंगचा हात तिथल्या उद्यमनगरात बसलेला. दिवसा ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी स्वतःच्या गॅरेजमध्ये हे काम. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही.

त्यांची गाडी नव्वदच्या दशकातली जिओ ट्रॅकर. ही गाडी ओंटारिओतच जन्मली. जनरल मोटर्स आणि सुझुकी यांनी मिळून इंगरसोल गावात काढलेल्या कॅमी कारखान्यातून १९८९ पासून ती बाहेर पडू लागली; हीच गाडी सुझुकी साइडकिक म्हणून विकली जाई, कॅनडात पाँटियाक सनरनर या नावानेही. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी सुझुकीच्याच घराण्यातली. दोघींची हाडं एकाच जातीची: खाली शिडीच्या आकाराची लोखंडी चासी आणि तिच्यावर रबरी गोट्यांवर बसवलेली बॉडी.

या रबरी गोट्यांमुळे स्लायडरचं सगळं गणित ठरतं. वाट वेडीवाकडी झाली की चासी एकीकडे पिळते आणि बॉडी तिच्यावर वेगळी हलते. म्हणून स्लायडर फक्त चासीला धरायचा, बॉडीला कुठेही चिकटवायचा नाही. दादा पाइप आणि दाराखालचा पत्रा यांच्यात बोटभर फट ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं, माप चुकलं. फट नसेल तर पहिल्याच मोठ्या खडकावर पाइप पत्र्यात घुसतो, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच घडतं.

पाइप त्यांनी पावणेदोन इंच व्यासाचा, सुमारे तीन मिलिमीटर भिंतीचा घेतला. नळाचा पाइप इथे चालत नाही. तो वाकवताना चपटा होतो आणि त्याची ताकद वेगळ्याच कामासाठी मोजलेली असते. एक लांब पाइप दाराखालून, दुसरा त्याच्या बाहेर समांतर, मागच्या चाकाजवळ थोडा फाकलेला, म्हणजे झाडाच्या बुंध्याला टेकून गाडीचं मागचं अंग बाहेर ढकलता येतं. दोन गोल पाइप एकमेकांना भिडवायचे तर एकाचं तोंड माशाच्या जबड्यासारखं कापावं लागतं. दादा ते होल-सॉने कापतात आणि मग कानशीने घासत बसतात. उजेडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत ते घासणं चालतं. मला वाटलं होतं, फट वेल्डने भरून काढता येत असेल. येते, पण जाड भरलेला वेल्ड थंड होताना पाइपला ओढतो आणि सरळ कापलेला स्लायडर केळ्यासारखा वाकतो. म्हणून आधी ठिकठिकाणी टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके मारायचे, मग दोन बोटं इथे, दोन बोटं पलीकडच्या टोकाला, असं जोडत जायचं.

सगळ्यांचं लक्ष पाइपकडे जातं. माझं लक्ष खिळलं ते पायांकडे. चासीपासून बाहेर येणारे तीन आडवे पाय हा पाइप धरून ठेवतात. पाइप चासीपासून वीतभर बाहेर, म्हणजे खालून येणारा भार चासीला सरळ उचलत नाही, पिळतो. पायाच्या मुळाशी प्लेटची वरची कड चासीत रुतू पाहते, खालची सुटू पाहते. अशा हलक्या गाडीच्या चासीचा पत्रा स्वतःच दोन-तीन मिलिमीटरांचा. त्यावर पाय थेट जोडला तर पाय शाबूत राहतो आणि चासीचा तुकडा उपटून येतो. म्हणून मध्ये मोठी प्लेट, तिचे कोपरे गोल, आणि चासीला उभा छेद देणारी वेल्डची सरळ रेघ टाळायची, कारण चीर त्याच रेघेतून धावते. कॅनडात पुलाचं किंवा इमारतीचं स्टील जोडणाऱ्या कंपनीला सीएसए डब्ल्यू ४७.१ या मानकाखाली प्रमाणित व्हावं लागतं. घरच्या गॅरेजमधल्या या सहा इंची जोडाकडे बघायला कुणी येत नाही. दादा स्वतःच स्वतःचे तपासनीस, आणि कडक.

चासीवर वेल्डिंग करण्यापूर्वी ते बॅटरीची तार काढतात, आतला गालिचा उचलतात, चासीच्या कडेने गेलेल्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या ओल्या घोंगडीने झाकतात. मग हातोडी घेऊन चासीवर टकटक करत पुढे जातात. खणखणीत आवाज आला की पुढे. डाव्या बाजूला, मागच्या पायाच्या जागी, आवाज बद्द आला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आत गेला. गंज होता, आणि तो रस्त्यावरच्या मिठाचा.

ह्युरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच गावात १८६६ मध्ये खनिज तेल शोधताना मीठ सापडलं. तिथली खाण सरोवराच्या तळाखाली पाचशे मीटरहून खोल आहे आणि जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण मानली जाते. कॅनडाच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळवायला साधारण ५० लाख टन मीठ पडतं. २००१ मध्ये केंद्र सरकारच्या तपासणीने ते पर्यावरणाला घातक ठरवलं, तरी बर्फाच्या दिवशी माणसं मरू नयेत म्हणून ते टाकावंच लागतं. या मिठाचा चिखल चासीच्या पोकळीत जाऊन बसतो आणि उबदार गॅरेजमध्ये गाडी लावली की गंज आणखी जोरात धावतो. मोठ्या कंपन्यांच्याही चासी यातून सुटल्या नाहीत. टोयोटाने २०१६ मध्ये अमेरिकेत टॅकोमा आणि तिच्या भावंडांच्या सडलेल्या चासींसाठी सुमारे ३.४ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली.

सडलेला तुकडा कापून दादांनी नवा बसवला. पण तिथेच त्यांनी मला जे दाखवलं त्याने माझी झोप उडाली. चासी म्हणजे बंद चौकोनी नळी. बाहेरून वेल्ड मारला की आतल्या बाजूचा रंग आणि मेण त्याच जागी जळून जातं. बाहेर आपण प्राइमर मारतो, काळा रंग मारतो. आत उघडं लोखंड राहतं, नेमकं जिथे सगळा पीळ येणार तिथे. पातळ नळीच्या तोंडाने आत तेल फवारता येतं. ते सगळीकडे पोचलं की नाही हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. चांगला वेल्डर जेवढा मन लावून जोड भक्कम करतो, तेवढी जास्त उष्णता आत जाते.

मग बोल्टने का नाही? हा प्रश्न मी विचारला, आणि दादांनी तो आधीच पुष्कळ रगडलेला होता. पोकळ चासीतून बोल्ट आरपार घालून आवळला तर नळी दबते. ती दबू नये म्हणून आत जाड नळकांडं बसवावं लागतं, आणि ते बसवायला पुन्हा वेल्डिंग आलंच. चासीला तिन्ही बाजूंनी वेढणाऱ्या प्लेटा करून शिकंज्यासारख्या आवळता येतात. त्यात जाळणं नाही, पण दोन लोखंडांच्या फटीत खारं पाणी शिरतं आणि तिथून ते निघत नाही. स्लायडरच्या पाइपाचीही तीच अडचण: टोकं बंद केली तर बारीकशा चिरेतून शिरलेला ओलावा कोंडतो, उघडी ठेवली तर चिखल भरतो. त्यांनी टोकं बंद करून खाली एक भोक ठेवलंय. जाड पावडर कोटिंग त्यांना नको. खडकाने त्याला ओरखडा पडला की मीठ कोटिंगच्या खालून सरकतं आणि वरून कळत नाही. डब्यातला साधा काळा रंग, दरवर्षी पुन्हा.

उजव्या बाजूचा स्लायडर त्यांनी अजून बसवलेला नाही. वेल्डिंग की शिकंजा, यावर मला शिकंजा बरोबर वाटतो, आणि मी तसं म्हणालोही. त्यांचा कल आता तिकडेच आहे: बर्फ गेला की एप्रिलमध्ये प्लेटा सोडायच्या, फट ब्रशने घासायची, ग्रीस भरायचं, ऑक्टोबरात तेल फवारून पुन्हा आवळायच्या. गंजून बसलेले नट ग्राइंडरने कापावे लागतील, म्हणून नव्या नट-बोल्टांचा डबा त्यांनी आत्ताच आणून ठेवला आहे.