मरिया : श्रद्धा काय सांगते?

● कुमारी-जन्म : येशू कुमारी मरियेच्या पोटी जन्मला, ही कथा मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत येते. लूकच्या कथेत गब्रीएल देवदूत नाझरेथला तिला मुलगा होणार असल्याचा निरोप आणतो. मरिया गोंधळते, ‘हे कसं होईल’ असं विचारते आणि मग स्वतः होकार देते.

● देवमाता : इ. स. ४३१च्या इफिसस धर्मपरिषदेने हा मान मान्य केला.

● नेहमीची गल्लत : ‘निष्कलंक गर्भसंभव’ येशूचा नव्हे, मरियेचा. ती गर्भात आल्या क्षणापासून मूळ पापातून मुक्त होती, हा सिद्धांत पोप नववे पायस यांनी १८५४मध्ये घोषित केला. प्रोटेस्टंट पंथ तो मानत नाहीत. कुमारी-जन्म मात्र त्यांतले बहुतेक मानतात.

● आपल्याकडे : याच निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाने असलेल्या पणजीच्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला, मरियेच्या जन्मोत्सवानिमित्त सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाऊलीची जत्रा.